आर मधून सी-फोरट्रानची लायब्ररी कॉल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारच्या घरी चार-सहा पोरं लॅपटॉप घेऊन येतात, कोणी युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्सला आहे, कोणी मकरपुऱ्याला कारखान्यात क्वालिटी बघतं, मराठी पोरं मला ताई म्हणतात, गुजराती पोरं बेन म्हणतात, पण प्रश्न सगळ्यांचे तेच ते: आर, म्हणजे स्टॅटिस्टिक्ससाठीची प्रोग्रामिंगची भाषा, त्यातून सी किंवा फोरट्रान या दुसऱ्या भाषांत लिहून कंपाईल केलेली लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनचा गठ्ठा, कशी बोलवायची. मग मधल्या आठवड्यात फोनवर परत तेच. म्हणून एकदाचं लिहून काढलं. कमांडची नावं आपण फोनवर बोलतो तशीच लिहिली आहेत, डॉट सी, डॉट कॉल, डिन डॉट लोड वगैरे, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत टाका.

ताई, मुळात आर आहे ना, मग सी कशाला?

बहुतेक वेळा नकोच. आधी लूप काढून व्हेक्टरवर काम होतंय का बघा, कारण आर मधलं सम, सॉर्ट, मॅट्रिक्सचा गुणाकार हे सगळं आतून सी नाहीतर फोरट्रानच आहे, तुम्ही रिग्रेशनला वापरता तो एलएम सुद्धा खाली एका फोरट्रान रूटीनलाच काम देतो. गंमत म्हणजे आरचा जो पूर्वज, एस, तो १९७६ ला बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि मंडळींनी सुरू केला तो याच कामासाठी, म्हणजे फोरट्रानच्या लायब्ररीतली रूटीन दरवेळी नवा प्रोग्राम न लिहिता हाताशी यावीत म्हणून. तेव्हा बाहेरची लायब्ररी बोलवणं ही काही मागून चिकटवलेली सोय नाही, घराण्याचाच धंदा आहे.

खरी गरज दोनदा पडते. एक, पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते आणि लूप टाळताच येत नाही, सिम्युलेशनमध्ये हे फार. दोन, कोणाचं तरी तीस वर्षं जुनं चाललेलं रूटीन आहे आणि ते परत लिहून नव्या चुका करायच्या नाहीत.

डीएलएल, एसओ, डायलिब, नक्की काय बनवायचं?

ही तिन्ही कंपाईल केलेल्या लायब्ररीच्या फाईलची नावं, तुम्ही काही ठरवू नका. टर्मिनलमध्ये आर सीएमडी एसएचलिब आणि पुढे सी फाईलचं नाव, बस. विंडोजवर डीएलएल बनेल, लिनक्सवर एसओ, आणि मॅकवर सुद्धा एसओच, तिथे डायलिब शोधत बसू नका. एकच स्क्रिप्ट सगळीकडे चालवायची असेल तर डॉट प्लॅटफॉर्म डॉलर डिनलिब डॉट एक्स्ट विचारा, तो त्या मशीनवरचं एक्स्टेन्शन सांगतो. मग डिन डॉट लोड मध्ये पूर्ण पाथ द्या, आणि इज डॉट लोडेड ला फंक्शनचं नाव देऊन ट्रू येतंय का बघा. हे इज डॉट लोडेड कोणी करत नाही आणि मग तासभर भलतीकडेच शोधत बसतात.

विंडोजवाल्यांनी आरटूल्स, म्हणजे कंपाईल करायला लागणारा संच, आधी टाकायचं, आणि ते आरच्या व्हर्जनला जुळणारं, म्हणजे आर ४.२ ला आरटूल्स ४२, ४.३ ला ४३, ४.४ ला ४४, ४.५ ला ४५. आणि प्रोजेक्टच्या फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका, मेक नावाचा प्रोग्राम स्पेसला घाबरतो.

डॉट सी आणि डॉट कॉल मध्ये फरक काय? कुठलं वापरू?

डॉट सी हा कुरियरवाला आहे. तुम्ही दिलेल्या वस्तूंची कॉपी करतो, सी कडे नेतो, सी ने त्यात जे काय खरडलं ते परत आणून एका लिस्टमध्ये ठेवतो. सी च्या बाजूला फंक्शन व्हॉइड, म्हणजे काही परत न देणारं, असायला लागतं आणि सगळे आर्ग्युमेंट पॉइंटर, म्हणजे वस्तूचा मेमरीतला पत्ता, एक साधा आकडा असला तरी पॉइंटरच. सी फंक्शनने रिटर्न केलेलं काही आर बघतच नाही.

डॉट कॉल मध्ये कुरियर नाही, थेट घरात प्रवेश. आरचा ऑब्जेक्ट जसाच्या तसा, सेक्सपी नावाच्या पॉइंटरने, सी च्या हातात येतो. कॉपी नाही म्हणून जलद, पाहिजे तो ऑब्जेक्ट बनवून परत देता येतो, लांबी वेगळी सांगावी लागत नाही. पण आलेल्या ऑब्जेक्टवर लिहायचं नाही, कारण तोच ऑब्जेक्ट आर मध्ये दुसऱ्या नावानेही वापरात असू शकतो, आणि मग तुमचा मूळ डेटा न कळता बदलतो. अशी चूक शोधणं म्हणजे महाकठीण, कारण एररच येत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात डॉट सी, नंतर डॉट कॉल. क्रॅनचे, म्हणजे आरच्या पॅकेजच्या जाहीर साठ्याचे, बरेच मोठे लोक सरळ डॉट कॉलच शिकवा म्हणतात, त्यांचं बरोबर असेल, पण पोराला पहिल्याच दिवशी गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून उचलणारा, समजावत बसायची माझी तयारी नसते. एक व्यवहाराची गोष्ट, आरचा नेहमीचा आकडा, डबल, आठ बाइटचा, तेव्हा १ कोटी डबल म्हणजे ८ कोटी बाइट, साधारण ८० एमबी, आणि डॉट सी याची कॉपी करतो. एकदा कॉल केला तर काही वाटत नाही, लूपमध्ये हजारदा केला तर लॅपटॉपचा पंखा सांगतो.

७ पाठवले आणि सगळी उत्तरं एनएएन, म्हणजे आकडाच नाही, अशी आली. सी मध्ये चूक सापडत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा बसून सांगते.

विश्वामित्री नदीच्या पाण्याची पातळी घेऊ, ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आमच्याकडे जो तो काला घोडा पुलाचे आकडे बघायला लागलाय, गल्लीत मगर आली म्हटल्यावर माणूस बघणारच. समजा रोजच्या फुटांचा एक व्हेक्टर आहे आणि सात दिवसांची सरकती सरासरी काढायचंय. सी चं फंक्शन चार गोष्टी घेतं: पाण्याचे आकडे डबल पॉइंटरने, किती आकडे ते इंट पॉइंटरने, किती दिवसांची सरासरी ते इंट पॉइंटरने, आणि उत्तर ठेवायला रिकामा डबल व्हेक्टर. आत साधा लूप, बेरीज आणि त्याला दिवसांनी भागणं.

पोरगा आर मधून तिसऱ्या जागी नुसतं ७ लिहितो. आर मध्ये नुसतं ७ म्हणजे इंटिजर नाही, डबल आहे, आठ बाइटचा. सी ला वाटतं चार बाइटचा इंट आलाय, ते पहिले चार बाइट वाचतं. आपल्या नेहमीच्या मशीनवर डबल ७ चे आठ बाइट मेमरीत कसे असतात ते बघा: शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, मग हेक्समध्ये १सी, मग ४०. पहिले चार शून्यच. म्हणजे तुम्ही ७ पाठवले, सी ला ० मिळाले. शून्य दिवसांची बेरीज शून्य, शून्याला शून्याने भागलं, एनएएन. ७ च्या जागी १० लिहिले, ३० लिहिले तरी तेच, कारण अशा छोट्या पूर्ण आकड्यांचे खालचे चार बाइट रिकामेच असतात.

उपाय, प्रत्येक आर्ग्युमेंटला कपडे घालून पाठवा: अॅज डॉट डबल, अॅज डॉट इंटिजर, अॅज डॉट कॅरेक्टर. ७ च्या पुढे कॅपिटल एल लावला तरी इंटिजर होतो. लेंग्थ फंक्शन सहसा इंटिजरच देतं, तरी मी त्यालाही अॅज डॉट इंटिजर घालते, सवय. लॉजिकल सी कडे इंट म्हणून जातं.

आणि हो, गणित बघायच्या आधी सी मध्ये पहिल्याच ओळीला आलेला आकडा छापून बघा. चूक दहापैकी नऊ वेळा दारातच सापडते, आत जायलाच लागत नाही.

कॉल केला, एरर नाही, पण माझा व्हेक्टर बदललाच नाही.

बदलणार नाही. डॉट सी कॉपीवर काम करतो, उत्तर परत आलेल्या लिस्टमध्ये आहे. शेवटच्या आर्ग्युमेंटला एक नाव द्या, समजा उत्तर, आणि कॉलच्या शेवटी डॉलर उत्तर लावून ते काढून घ्या. जुन्या कोडमध्ये कॉपी टाळायला डुप इज इक्वल टू फॉल्स अशी युक्ती दिसेल, आर ३.१.० पासून ती चालत नाही, तिच्याकडे दुर्लक्षच होतं.

"नॉट इन लोड टेबल" म्हणतोय, पण फाईल तर लोड झाली आहे!

फाईल लोड होणं आणि त्यात ते नाव सापडणं वेगळं. बिल्डिंग सापडली, पण बेलवर ते आडनावच नाही. कारणं ठरलेली आहेत. फाईलचं एक्स्टेन्शन सीपीपी असेल तर सी-प्लस-प्लसचा कंपायलर फंक्शनच्या नावाला आर्ग्युमेंटच्या टाईपची शेपटी जोडून ते बदलून टाकतो, मग फंक्शनच्या आधी एक्स्टर्न आणि अवतरणात कॅपिटल सी लावा. फंक्शनवर स्टॅटिक लिहिलं असेल तर ते बाहेर दिसतच नाही. आणि कधीकधी स्पेलिंग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लिनक्सवर एनएम मायनस कॅपिटल डी चालवून लायब्ररीतली बाहेर दिसणारी नावं बघा, दोन मिनिटांत निकाल.

पॅकेज करत असाल तर आर-रजिस्टर-रूटीन्स वापरून नावं आणि आर्ग्युमेंटची संख्या आधीच नोंदवा, मग एखादं आर्ग्युमेंट कमी पाठवलं तर आर स्वतः ओरडतो. नोंद नसेल तर डॉट सी काहीही मोजत नाही, तीन पाठवा की पाच, तो तसाच पुढे ढकलतो.

फाईल समोर दिसतेय आणि विंडोज म्हणतं मॉड्यूल सापडत नाही?

ती फाईल सापडली, तिला लागणारी दुसरी डीएलएल सापडली नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक नाव छापलं असतं तर माझे कितीतरी शनिवार वाचले असते. ती दुसरी फाईल जिथे आहे ते फोल्डर डिन डॉट लोड ला डीएलएल-पाथ म्हणून द्या. लिनक्सवर एलडीडी चालवा, जिथे नॉट फाउंड दिसेल ती. आणि लिनक्सवर एलडी लायब्ररी पाथ आर चालू झाल्यावर सिस डॉट सेटएन्व्ह ने बदलून काही होत नाही, लोडर ते प्रोसेस सुरू होतानाच वाचतो, आर सुरू करायच्या आधी टर्मिनलमध्ये सेट करा. मॅकवर एलडीडी नाही, ओटूल मायनस कॅपिटल एल आहे. नव्या मॅकवर एआरएमचा आर आणि जुन्या इंटेलची लायब्ररी असं लग्न लागत नाही, इनकम्पॅटिबल आर्किटेक्चर म्हणून सांगतो तरी बिचारा.

मशीनबरोबर आलेली रेडीमेड डीएलएल आहे, सोर्स नाही. चालेल?

चालू शकते, पण माझा अनुभव ऐका. एका कारखान्यात मोजमापाच्या मशीनबरोबर डीएलएल आली होती, सोबत हेडर फाईल, म्हणजे फंक्शनची यादी, नाही, दोन पानांचं माहितीपत्रक, तेही फोटोकॉपीची फोटोकॉपी. सप्लायरला फोन केले तर "साहेब बाहेर आहेत". लोड केली तर नॉट अ व्हॅलिड विन ३२ अॅप्लिकेशन, म्हणजे डीएलएल ३२ बिटची आणि आर ६४ बिटचा. विंडोजवर ३२ बिटचा आर ४.२.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून येतच नाही. शेवटी त्या एका कॉम्प्युटरवर ४.१.३ चा ३२ बिटवाला आर ठेवला, त्याचं काम एवढंच की डीएलएलकडून आकडे घ्यायचे आणि सीएसव्हीत टाकायचे, बाकी सगळं नव्या आर मध्ये. सुंदर नाही, पण चाललं.

दुसरी अडचण अशी की असल्या डीएलएलमधली फंक्शन सहसा पॉइंटर घेत नाहीत, आकडा थेट घेतात आणि उत्तर रिटर्न करतात, हे दोन्ही डॉट सी ला पटत नाही. मग मध्ये एक छोटं सी फंक्शन लिहायचं, आर कडून पॉइंटर घ्यायचा, त्यातला आकडा काढून खरं फंक्शन कॉल करायचं, मिळालेलं उत्तर पॉइंटरच्या जागी ठेवायचं. दहा-बारा ओळी. आणि व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवलेली डीएलएल लोड करू नका, ती तुमच्या नावाने तुमच्या मशीनवर काहीही करू शकते, आर तिला अडवत नाही.

सरांनी फोरट्रानचं जुनं रूटीन दिलंय, उत्तर कचरा येतंय.

रूटीनमध्ये रियल लिहिलंय का बघा. फोरट्रानचा साधा रियल चार बाइटचा, आरचा न्यूमेरिक आठ बाइटचा, म्हणजे परत तीच ७ ची गोष्ट. एकतर कोडमध्ये सगळीकडे डबल प्रिसिजन करा नाहीतर आर मधून अॅज डॉट सिंगल लावून पाठवा. मी पहिलं करते. डॉट फोरट्रान ने कॉल करताना नाव छोट्या अक्षरांत द्या, शेवटचा अंडरस्कोर आर स्वतः सांभाळतो, तुम्ही लावू नका.

मॅट्रिक्सच्या बाबतीत फोरट्रान आणि आर सख्खे भाऊ, दोघंही कॉलम कॉलमने ठेवतात. सी वाल्यांनी मात्र जपायचं, आरचा मॅट्रिक्स सी कडे एक लांब पट्टी म्हणून जातो, आयवी ओळ आणि जेवा कॉलम पाहिजे तर जे ला ओळींच्या संख्येने गुणून त्यात आय मिळवायचा, आणि मोजणी शून्यापासून. हे उलटं झालं तर चौकोनी मॅट्रिक्सवर एररही येत नाही, फक्त ट्रान्सपोझचं उत्तर येतं आणि तुम्ही थिसिसमध्ये तेच छापता.

एनए, म्हणजे न मिळालेला आकडा, असलेला डेटा पाठवला की अडतो.

डॉट सी मुद्दामच अडवतो, फॉरेन फंक्शन कॉलमध्ये एनए, एनएएन किंवा अनंत आहे असं म्हणून कुठलं आर्ग्युमेंट तेही सांगतो. एनए-ओके ट्रू केलं की सोडतो, पण मग जबाबदारी तुमची, कारण सी ला एनए म्हणजे काय ते माहीतच नाही. इंटिजरचा एनए हा खरं तर उणे २१४७४८३६४८ हा आकडा आहे, बेरीज केलीत तर तो बेरजेत जाईल. डबलचा एनए हा एक खास एनएएन आहे ज्याच्या पोटात १९५४ हा आकडा लपवलाय.

आर एकदम बंदच होतो, एररसुद्धा नाही. आणि तेही दहा मिनिटांनी.

तुम्ही व्हेक्टरच्या बाहेर लिहिलं. शंभर जागांच्या व्हेक्टरमध्ये एकशेएकवी जागा भरली तर सी काही बोलत नाही, शेजारच्याच्या घरात सामान ठेवून येतो, आणि शेजारी दहा मिनिटांनी घरी आल्यावर भांडण, म्हणून तुम्हाला वाटतं की शेवटी चालवलेली प्लॉटची कमांड वाईट आहे. ऑप्शन्समध्ये सी-बाउंड्स-चेक ट्रू करा, मग डॉट सी आणि डॉट फोरट्रान कडेला पहारा ठेवून बघतात की कोणी कुंपण ओलांडलं का. हे फारच कमी लोकांना माहीत आहे आणि माझं सगळ्यात लाडकं बटण आहे. ते पुरलं नाही तर लिनक्सवर आर मायनस डी व्हॅलग्राइंड, हा मेमरीच्या चुका पकडतो, सावकाश चालतं, तेवढ्यात खाली जाऊन सेव-उसळ खाऊन या.

डॉट कॉल मध्ये हेच दुखणं प्रोटेक्ट विसरल्यामुळे. सी मध्ये नवा आरचा ऑब्जेक्ट बनवला आणि प्रोटेक्ट केला नाही तर गार्बेज कलेक्टर त्याला बेवारस समजून उचलून नेतो. छोट्या डेटावर कलेक्टर फिरकतच नाही म्हणून टेस्टमध्ये सगळं छान, आणि साहेबांसमोर मोठ्या फाईलवर क्रॅश. जीसी टॉर्चर ट्रू करून तीच छोटी टेस्ट चालवा, कलेक्टर सारखाच धावायला लागतो आणि चूक लगेच बाहेर. जितके प्रोटेक्ट तितके अनप्रोटेक्ट, मधूनच रिटर्न करताना सुद्धा, नाहीतर स्टॅक इम्बॅलन्सची वॉर्निंग येते, आणि ती वॉर्निंग मनावर घ्या.

ज्यांना हे सगळं नकोच त्यांनी आरसीपीपी नावाचं पॅकेज घ्या, प्रोटेक्टची उस्तवार तेच करतं, सीपीपी-फंक्शन मध्ये चार ओळी टाकल्या की कंपाईल, लोड, सगळं एका झटक्यात. आळशीपणा नाही तो, मीही वापरते.

प्रिंटएफ केलेलं विंडोजवर दिसत नाही, आणि एक्झिट केलं तर आरच बंद झाला.

प्रिंटएफ च्या जागी आर-प्रिंटएफ. एक्झिट कधीच नाही, ती पूर्ण प्रोसेस मारते आणि प्रोसेस म्हणजे आर स्वतः, तुमचा न सेव्ह केलेला डेटा धरून. चूक सांगायची तर आरचंच एरर फंक्शन. लांब लूप असेल तर मध्येमध्ये आर-चेक-यूझर-इंटरप्ट टाका, नाहीतर एस्केप दाबत बसाल. रँडम आकडे सी च्या रँड ने काढू नका, सेट डॉट सीडचा त्यावर काही परिणाम होत नाही, युनिफ-रँड घ्या, आधी गेट-आरएनजी-स्टेट, नंतर पुट-आरएनजी-स्टेट.

मराठी नावं पाठवली तर तुटतात.

वडोदरा या शब्दाची लांबी आरचा एनकॅर ६ म्हणतो आणि सी चा स्ट्रलेन १८, कारण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये आपल्या प्रत्येक अक्षर-मात्रेला तीन बाइट. दहा बाइटवर कापलंत तर ड वरची ओ ची मात्रा पूर्ण, द मात्र एकतृतीयांश, स्क्रीनवर चौकोन. विंडोजवर जुना आर असेल तर वेगळाच गोंधळ, ४.२.० पासून नव्या विंडोजवर यूटीएफ-८ च मूळ एन्कोडिंग झालंय, अपडेट करा आणि सुटा.

कोड बदलला, कंपाईल केला, तरी जुनंच उत्तर?

जुनी लायब्ररी अजून मेमरीत आहे. आधी डिन डॉट अनलोड, मग कंपाईल, मग परत लोड. विंडोज तर लोड झालेल्या डीएलएलवर लिहूच देत नाही, परमिशन डिनाइड म्हणतं, आणि पोरं अँटीव्हायरसला शिव्या देतात. लिनक्स लिहू देतो आणि मग कधीतरी कोसळतो, ते जास्त वाईट.

हेच स्टेटा किंवा सॅस या स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जमतं का?

जमतं. स्टेटामध्ये प्लगइन म्हणतात, त्यांची एसटी-प्लगइन नावाची हेडर आणि सी फाईल बरोबर घेऊन कंपाईल करायचं आणि प्लगइन कॉल ने चालवायचं. सॅसमध्ये मॉड्यूलएन फंक्शन आहे, त्याआधी एका अॅट्रिब्यूट टेबलमध्ये प्रत्येक आर्ग्युमेंट कुठल्या प्रकारचं ते लिहून द्यायला लागतं, किंवा प्रॉक प्रोटो. बाइटचं दुखणं तिथेही हेच.

तुम्हाला विचारायचं असेल तर काय पाठवू?

सेशन-इन्फो चं आउटपुट, सी फंक्शनची पहिली ओळ, आर मधली कॉलची ओळ, आणि एररचा मजकूर कॉपी करून, मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको. शुक्रवार रात्रीपर्यंत पाठवलं तर शनिवारी बसल्या बसल्या होतं.